नौदल दिनाच्या कार्डावर बोट कुणाची?

शुभेच्छापत्रं छापणाऱ्या, त्यांची डिझाइनं करणाऱ्या आणि ४ डिसेंबरला चौकाचौकात फलक लावणाऱ्या समस्त मंडळींना खुलं पत्र

स. न. वि. वि.

गेल्या डिसेंबरात आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने मला एक कार्ड आणून दिलं. “मावशी, तुमचे बाबा नेव्हीत होते ना, म्हणून घेतलं.” बाबा नेव्हीत नव्हते, नेव्हीच्या गोदीत होते, फिटर म्हणून. पण पोराने आठवणीने आणलं होतं, म्हणून तो फरक मी सांगत बसले नाही. कार्ड देखणं होतं. जाड गुळगुळीत कागद, वर सोनेरी अक्षरांत ‘नौदल दिनाच्या हार्दिक शुभेच्छा’, खाली ‘१९७१ च्या विजयवीरांना मानाचा मुजरा’, आणि मधे निळ्याशार पाण्यात एक भलीमोठी विमानवाहू बोट. चष्मा चढवून नीट पाहिलं. डेकवर चौकोनी खोक्यासारखी इमारत आणि तिच्यावर पांढरा आकडा: ६५.

आपल्या नौदलात असली बोट कधीच नव्हती. ६५ हा आकडा अमेरिकेच्या ‘एंटरप्राइझ’चा. डिसेंबर १९७१ मध्ये, ढाका पडायच्या बेतात असताना, अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सनसाहेब यांनी आपल्याला धाक घालायला बंगालच्या उपसागरात जो ताफा धाडला, त्यातली मुख्य बोट तीच. म्हणजे मुजरा आपल्या विजयवीरांना आणि फोटो त्यांच्यावर डोळे वटारायला आलेल्या बोटीचा! बाबा असते तर हसता हसता त्यांना ठसका लागला असता. मलाही आधी हसू आलं. राग नंतर आला, आणि राग आला की पत्र लिहायचं ही माझी जुनी खोड.

खोड जुनी आहे कारण माझी सगळी नोकरी टपाल खात्यात गेली, त्यातली बरीचशी सॉर्टिंगला. डिसेंबर उजाडला की कार्डांच्या थैल्याच्या थैल्या यायच्या. पाकिटाची जीभ आत खोचलेली, कोपऱ्यात ‘बुक पोस्ट’. जीभ चिकटवलेली नसल्याने आतलं चित्र डोकवायचं. गुलाब, मेणबत्त्या, बर्फातली घरं (मुंबईत!), आणि अधूनमधून एखादं बोटीचं कार्ड. नौदलाच्या जहाजांची आपापली कार्डं असत. वर जहाजाचं मानचिन्ह, आत जहाजाचा फोटो, खाली कॅप्टन आणि सर्व अधिकारी-नौसैनिकांकडून नववर्षाच्या शुभेच्छा. तसलं कार्ड हाताशी आलं की मी ते जरा सावकाश लावायची. वरिष्ठांच्या लक्षात आलं नाही असं नाही.

कारण तसंच एक कार्ड आमच्या घरी होतं. काळाचौकीच्या आमच्या खोलीत, देवघराच्या फळीवर, आईच्या पोथीत खूण म्हणून. पहिल्या ‘विक्रांत’चं कार्ड, साठच्या दशकातलं, गोदीतल्या बाबांच्या वर्कशॉपला आलेलं. आत छापलेलं चित्र नव्हतं, खराखुरा कृष्णधवल फोटो चिकटवलेला होता. बोट समोरून जराशी तिरकी येतेय, नाळेशी पाणी दोन बाजूंना फाटलंय, डेकवर सी हॉक विमानं पंख मिटून ओळीत उभी. आणि धुरांड्याच्या बरोबर खाली, पाण्याच्या रेषेशी, बाबांनी पेन्सिलीने एक बाण काढून बारीक अक्षरात लिहिलंय: ‘इथे आत’. बॉयलर तिथे. त्यांचा सगळा जीव तिथे. १९७१ मध्ये विक्रांतच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडा गेला होता आणि ती तीनच बॉयलरांवर लढाईला गेली, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा मात्र बाबा घरी एक अक्षर बोलले नव्हते. लायन गेटच्या, म्हणजे गोदीच्या दाराच्या, आतलं लायन गेटच्या आत ठेवायचं, हा त्यांचा नेम. तो बाण हीच काय ती त्यांनी घरापाशी दिलेली कबुली.

आता मुद्द्यावर येते. माझी तक्रार एका कार्डाची नाही. ते कार्ड कुणी छापलं त्याचं नाव मी लिहिणार नाही, कारण नंतर बघायला लागले तर ज्याच्या त्याच्या कार्डावर हीच गंमत दिसली. कुठे अमेरिकन बोट, कुठे रशियन, कुठे संगणकातल्या खेळातली. कार्डावर बोटीचा फोटो घालता ना, मग ती बोट कुठली हे माहीत करून घ्या आणि त्याखाली तिचं नाव छापा. माझं म्हणणं एवढंच आहे. बाकीचं पत्र हे कसं जमेल त्यासाठी.

त्या कार्डावरच्या नंबरावर मी फोन केला होता. एका तरुण मुलाने अगदी सौजन्याने ऐकून घेतलं. म्हणाला, “मॅडम, फ्री फोटो घेतो आम्ही. ‘वॉरशिप’ टाकलं की हेच येतात.” ते खरंच आहे. अमेरिकी सरकारच्या नोकरांनी कामावर असताना काढलेल्या फोटोंवर तिथे कॉपीराइट नसतो, म्हणून फुकट चित्रांचे साठे अमेरिकन नौदलाच्या फोटोंनी भरून वाहतात. शोधणाऱ्याच्या ओंजळीत तेच पडणार. मी विचारलं, मग आपल्या मिसाइल बोटीचा का नाही घेत? ४ डिसेंबर तर त्यांचाच. तर म्हणाला, “पाहिला होता. पण ती फार लहान दिसते हो. इम्पॅक्ट येत नाही.”

अहो, ती लहान आहे हीच तर त्या रात्रीची सगळी गोष्ट आहे!

नौदल दिन ४ डिसेंबरला का, हे कार्ड छापणाऱ्याला तरी माहीत हवं. विक्रांत त्या दिवशी दुसऱ्याच किनाऱ्यावर होती, बंगालच्या उपसागरात. तिची विमानं कॉक्स बझार आणि चितगावकडे जात होती. ४ डिसेंबरच्या रात्री कराचीवर चालून गेल्या त्या ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या तीन क्षेपणास्त्र नौका, सोबतीला ‘किल्तान’ आणि ‘कच्छल’ ही मोठी जहाजं. सोव्हिएत बनावटीच्या त्या नौका जेमतेम एकोणचाळीस मीटर लांब. विक्रांतच्या डेकवर अशा पाच एकीमागे एक उभ्या राहिल्या असत्या आणि वर जागा उरली असती. त्या मुळात आपला किनारा राखायला घेतलेल्या, लांबच्या पल्ल्याच्या नव्हेतच. इंधन पुरावं म्हणून वाटेत काही अंतर मोठ्या जहाजांनी त्यांना दोर लावून ओढत नेलं. प्रत्येकीवर चार क्षेपणास्त्रं, दोन्ही कडांना पत्र्याच्या कोठ्यांसारख्या तिरप्या घरांत ठेवलेली. निर्घातने ‘खैबर’ ही विनाशिका बुडवली, वीरने ‘मुहाफिज’ ही सुरुंग काढणारी नौका. तिन्ही परत आल्या. ताफ्याचे प्रमुख कमांडर बबरू भान यादव यांना महावीर चक्र मिळालं.

आता या नौकेचा फोटो कार्डावर छोटा दिसतो, असं तुम्ही म्हणता. मग जवळून काढलेला घ्या. त्या कोठीची उघडी तोंडं दिसतील असा. तीनशे मीटरच्या परक्या बोटीपेक्षा हे चित्र मला तरी जास्त वेळ बघावंसं वाटेल.

विक्रांतचं तर आणखी गुंतागुंतीचं प्रकरण आहे, कारण विक्रांत दोन. पहिली बेलफास्टला ४ मार्च १९६१ रोजी नौदलात दाखल झाली. तेव्हाच्या आपल्या उच्चायुक्त विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते. (त्यांचं सासर मूळचं आपल्या कोकणातल्या बांबुळीचं, हे जाता जाता.) ३ नोव्हेंबरला ती मुंबईत आली तेव्हा स्वागताला नेहरू होते. दुसरी विक्रांत कोचीत बांधलेली, २ सप्टेंबर २०२२ ला दाखल झाली. आणि मेख अशी की दोघींचा क्रमांक एकच, आर ११. म्हणजे आकडा बघूनही तुमची फसगत होऊ शकते. पण डेक बघा. दुसरीचा पुढचा भाग घसरगुंडीसारखा वर उचललेला आहे, त्याला स्की-जंप म्हणतात. पहिलीचा १९७१ मध्ये सपाट होता. तिच्यावर सी हॉक, आणि पंखा फिरवणारी फ्रेंच अलिझे विमानं. तिलाही पुढे स्की-जंप बसवला, पण तो सी हॅरियर विमानं आल्यानंतर, ऐंशीच्या दशकात. तेव्हा ‘१९७१ ची विक्रांत’ म्हणून उचललेल्या नाकाची बोट छापलीत, तर निदान दीड दशकाची चूक झाली असं समजा. ‘विराट’चा गोंधळही होतो. ती आर २२, मूळची ब्रिटिशांची ‘हर्मिस’, आपल्याकडे आली १९८७ मध्ये. १९७१ शी तिचा काडीचा संबंध नाही.

झेंड्याकडेही लक्ष असू द्या. नौदलाच्या निशाणावरून तांबडा क्रॉस जाऊन शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला तो २०२२ मध्ये. मी एका फलकावर जुन्या, सपाट डेकच्या विक्रांतवर हा नवा झेंडा चिकटवलेला पाहिला. भावना समजते. पण असं केलं की तो फोटो कुठल्याच काळाचा राहत नाही.

डिझाइन करणाऱ्यांशी चार शब्द वेगळे बोलायचे आहेत, कारण खरी कत्तल तुमच्या माउसखाली होते. एक तर आकडा पुसू नका. ‘अक्षरांना अडथळा होतो’ म्हणून बोटीच्या अंगावरचा क्रमांक खोडलेली दोन कार्डं माझ्याकडे आहेत. अहो, तो तिचा चेहरा आहे! आणि फोटो आरशातल्यासारखा उलटा करून लावू नका. विमानवाहू नौकेची ती इमारत, जिला आयलंड म्हणतात, ती आपल्या विक्रांत-विराटवर उजव्या अंगालाच. बोट आपल्याकडे येत असेल तर ती आपल्या डाव्या हाताला दिसते. मजकूर डावीकडे हवा म्हणून चित्र फिरवलंत की आयलंड दुसऱ्या बाजूला जातं. घरचा दरवाजा भिंतीतून निघावा तसं ते दिसतं, निदान ज्याच्या घरात गोदीचा माणूस होता त्याला. डोलकाठी कापू नका. कृष्णधवल फोटोला निळा समुद्र चोपडू नका. आणि आभाळात विमानं पेरायचा मोह झालाच, तर ती विमानं तरी आपली आहेत का ते बघा.

बाबा भाऊच्या धक्क्यावर उभे राहून लांबची बोट ओळखायचे. आम्हाला राखाडी ठिपका दिसायचा. ते म्हणायचे, आकड्याआधी धुरांडं बघ, मग काठी, मग तोफ पुढे किती आणि मागे किती. गावाकडून आलेल्या काकांना ते सगळं एकच वाटायचं. “बोट ती बोट,” काका म्हणायचे. बाबा त्यावर विचारायचे, “मग गाय ती गाय का रे? तुझी कपिला बाजारात ओळखतोस ना?”

खुकरीविषयी लिहिताना जरा थांबले. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी ‘हंगोर’ने आपली युद्धनौका ‘खुकरी’ बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून आले नाहीत. त्या खुकरीचा फोटो मला एका कार्डावर ‘नववर्षाच्या मंगलमय शुभेच्छा’ या ओळीखाली मिळाला. छापणाऱ्याचा हेतू वाईट नसेल, त्याने बोट शोधली आणि बोट लावली. पण त्या फोटोतल्या डेकवर माणसं दिसतात हो. त्यांच्या घरी ते कार्ड गेलं तर? आणि दुसऱ्या एका ठिकाणी याच्या बरोबर उलट. श्रद्धांजली १९७१ च्या खुकरीला आणि फोटो १९८९ च्या खुकरीचा. ती दुसरी, माझगाव डॉकमध्ये बांधलेली, पी ४९. डिसेंबर २०२१ मध्ये निवृत्त होऊन ती दीवलाच गेली, लोकांनी पाहावी म्हणून. तिला शुभेच्छांच्या कार्डावर खुशाल घ्या. पहिलीला ९ डिसेंबरला आठवा, नावानिशी, आणि वर ‘शुभ’ वगैरे काही नको.

जुने फोटो मिळणार कुठून, हा तुमचा पुढचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाकडे जुन्या समारंभांच्या फोटोंचा मोठा संग्रह आहे. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. सरकारी फोटो प्रसिद्ध झाला त्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. म्हणजे १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेला, विक्रांत मुंबईत येतानाचा सरकारी फोटो २०२२ पासून सर्वांना मोकळा आहे. १९७१ मध्ये छापून आलेल्यांना २०३१ अखेरपर्यंत थांबायचं, किंवा रीतसर परवानगी मागायची. मी आयुष्यभर सरकारी अर्ज हाताळलेत, त्यामुळे ‘मागायची’ म्हणजे काय ते मला समजतं. तरी मागा.

शिवाजी महाराजांच्या आरमाराचे फोटो असणं शक्यच नाही, त्यामुळे तो विषय या पत्रात बसत नाही. पण २०२३ मध्ये नौदल दिन मालवणला झाल्यापासून तुम्ही जे छापताय ते पाहून राहवत नाही. तीन काठ्या, चौकोनी शिडं, मागे माडीसारखा उंच भाग, असलं स्पॅनिश जहाज तुम्ही महाराजांच्या नावावर खपवता. आपली गुराब, म्हणजे आरमारातली मोठी लढाऊ नौका, पुढे लांब टोकदार नाकाची, आपलं गलबत त्याहून लहान आणि वल्ह्यांचं. मालवणच्या कुठल्याही म्हाताऱ्या खलाशाला चित्र दाखवा, तो तुम्हाला आल्या पावली परत पाठवेल.

आणि एक बोट मी अजून मुंबईच्या एकाही कार्डावर पाहिलेली नाही. बाबा ज्या गोदीत रोज जायचे तिथेच वाडिया या जहाजं बांधणाऱ्या घराण्याने सागवानात बांधलेली ‘त्रिंकोमाली’. १२ ऑक्टोबर १८१७ ला ती पाण्यात उतरली. ब्रिटिश नौदलासाठी बांधली होती. इंग्लंडात हार्टलपूलला ती आजही तरंगते आहे. दोनशे वर्षं उलटली. आपण आपली विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त केली, काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून ठेवली, २०१२ मध्ये ते बंद केलं आणि २०१४ मध्ये मुंबईतच, दारूखाना भागातल्या जहाजं तोडायच्या यार्डात तोडली. तिच्या पोलादातून मोटारसायकली निघाल्या, त्यांची जाहिरात आमच्या घरासमोरच लागली होती. बाबा तेव्हा नव्हते. बरं झालं, असं आई म्हणाली.

म्हणून सांगते, १९७१ च्या या बोटी आता पाण्यात नाहीत. त्या तुमच्या कागदावर आहेत. कार्डाच्या मागच्या बाजूला तुमची किंमत आणि बारकोड यांच्यामध्ये दोन ओळींची जागा असते, मी मोजून पाहिली आहे. तिथे असं काही छापा: ‘आयएनएस विक्रांत (पहिली), मुंबई, ३ नोव्हेंबर १९६१. निवृत्त ३१ जानेवारी १९९७.’ फोटो कुणाचा तेही, माहीत असेल तर. याला शाई किती लागते?

गेल्या वर्षीच्या ‘६५’वाल्या कार्डांचे गठ्ठे गोदामात पडले असतील तर रद्दीत घालू नका. एक रबरी शिक्का करून घ्या, ‘चित्रातील नौका भारतीय नाही’, आणि मारून विका. मी शंभर घेईन. सोसायटीतल्या पोरांना बोट ओळखायला शिकवताना उपयोगी पडतील.

बाबांचं कार्ड आता माझ्याकडे आहे. कडा पिवळ्या पडल्यात, एका कोपऱ्याला हळदीकुंकवाचा डाग आहे, पण फोटो स्वच्छ आहे. तुमच्यापैकी कुणाला येत्या ४ डिसेंबरच्या आधी अभ्यासाला हवं असेल तर घरी येऊन स्कॅन करून न्या. मूळ कार्ड देणार नाही. आणि स्कॅन साफसूफ करताना तो पेन्सिलीचा बाण डाग समजून पुसू नका.

कळावे,
एका डॉकयार्ड फिटरची मुलगी
(निवृत्त, टपाल खातं, मुंबई)